चार ओळी, जागच्या जागी: टर्मिनलमध्ये अनेक ओळींची प्रगती कशी दाखवावी

आंब्याला मोहोर आला की आमच्या रत्नागिरीकडचे काही बागायतदार ड्रोनने बागेचे फोटो काढून घेतात. कुठल्या कलमाला मोहोर भरपूर, कुठे नुसतीच पालवी, कुठे तुडतुड्याने काळं केलंय, हे वरून बरं दिसतं. एकेका बागेचे शेकडो फोटो होतात आणि ते गावातल्याच लॅपटॉपवरून सर्व्हरवर चढवायचे असतात. चार बागांचं काम एकदम चालू असतं, मधेच रेंज जाते, मधेच लाईट. शेजारच्या खुर्चीत बसलेले काका दर दोन मिनिटांनी विचारतात, "झालं काय रे?" अशा वेळी टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या, पडद्यावर हे दिसायला हवं:

```
 ६२%  २१४/३४५   १.४ एमबी/से   पावस
  ८%   १८/२२०   ०.३ एमबी/से   गणपतीपुळे
१००%   ९७/९७    झालं          जयगड
 ३४%  १४०/४१०   थांबलंय       आडिवरे
```

या चार ओळी जागच्या जागी बदलत राहिल्या पाहिजेत. सरळ प्रिंट करत गेलात तर दर सेकंदाला चार नव्या ओळी पडतात आणि पाच मिनिटांत बाराशे ओळींचा ढीग होतो. एका ओळीची प्रगती दाखवणं सोपं आहे, ते बहुतेकांनी कधी ना कधी केलेलं असतं. एकाच्या चार ओळी झाल्या की मात्र अचानक भुतं दिसायला लागतात: जुनी ओळ वर अडकून राहते, नवी तिच्यावर चढते, शेवटी प्रॉम्प्ट (पुढच्या आज्ञेची वाट पाहणारी खूण) भलतीकडेच येतो. या सगळ्या भुतांचं मूळ एकच आहे. कर्सर आत्ता कुठे आहे याबद्दल तुमच्या प्रोग्रामची समजूत आणि टर्मिनलमधली वस्तुस्थिती यांच्यात फरक पडतो. खाली जे जे सांगितलंय ते हा फरक पडू न देण्यासाठीच आहे.

लिहिण्याबाबत एक सूचना. टर्मिनलचे संकेत इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंक टाकायचे. ‘एस्केप’ म्हणजे आस्कीमधलं २७ क्रमांकाचं अक्षर (अष्टमान पद्धतीत ०३३). ‘एस्केप [ ४ ए’ असं लिहिलं असेल तर ते अक्षर, मग चौकोनी कंस, मग चार, मग कॅपिटल ए, मधे मोकळी जागा नाही. जिथे छोटं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणं पायथनच्या अंगाने आहेत, पण संकेत कुठल्याही भाषेतून तेच पाठवायचे.

एक ओळ: सीआर

टर्मिनल हा मुळात अक्षरांचा प्रवाह वाचणारा प्राणी. टेलिटाइप यंत्रांच्या काळापासून त्याला दोन वेगळ्या आज्ञा कळतात: सीआर, म्हणजे कॅरेज ओळीच्या सुरुवातीला आण (आस्की १३), आणि एलएफ, म्हणजे कागद एक ओळ वर सरकव (आस्की १०). नुसता सीआर पाठवला की कर्सर त्याच ओळीच्या डाव्या टोकाला जातो आणि पुढचा मजकूर आधीच्यावर लिहिला जातो. एका ओळीसाठी एवढं पुरतं. फक्त नवा मजकूर जुन्यापेक्षा आखूड असेल तर जुन्याचं शेपूट उरतं, म्हणून मजकुरानंतर ‘एस्केप [ के’ पाठवावा. तो कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंतचं पुसतो.

आधी पुसून मग लिहिण्यापेक्षा आधी लिहून मग उरलेलं पुसणं बरं. पहिल्या पद्धतीत ओळ क्षणभर रिकामी होते आणि डोळ्यांना लुकलुक जाणवते.

आणखी एक: ओळ संपवणारं अक्षर न पाठवता लिहिलेला मजकूर बफरमध्येच (पाठवण्याआधी तो साठवायच्या जागेत) बसून राहू शकतो. पायथनमध्ये प्रिंटला फ्लश ट्रू द्या, सीमध्ये एफफ्लश करा. "माझी प्रगती शेवटी एकदमच दिसते" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

अनेक ओळी: वर जा, सगळं पुन्हा लिही

सीआर वरच्या ओळीवर नेत नाही. त्यासाठी कर्सर हलवणारे संकेत लागतात. हे संकेत १९७६ च्या एक्मा-४८ या मानकात आहेत आणि १९७८ साली आलेल्या डेक या कंपनीच्या व्हीटी१०० टर्मिनलमुळे ते सर्वत्र रुजले. आजचे जवळपास सगळे टर्मिनल त्याच बोलीत बोलतात. आपल्याला लागणारे मोजकेच:

```
एस्केप [ ४ ए     चार ओळी वर
एस्केप [ के      इथून ओळीच्या शेवटापर्यंत पूस
एस्केप [ जे      इथून पडद्याच्या शेवटापर्यंत पूस
एस्केप [ ३० जी   याच ओळीत तिसाव्या स्तंभावर जा
एस्केप [ ?२५ एल  कर्सर लपव (छोटा एल)
एस्केप [ ?२५ एच  कर्सर दाखव (छोटा एच)
```

आता पहिला निर्णय. नवखा माणूस असा विचार करतो: पावसचा आकडा बदलला, म्हणजे पावसच्या ओळीवर जायचं, ती बदलायची आणि परत यायचं. हा मोह टाळा. दर वेळी वर किती आणि खाली किती याचा हिशोब ठेवावा लागतो, आणि एकदा चुकला की कायमचा चुकतो. त्यापेक्षा काहीही बदललं तरी चारही ओळी पुन्हा लिहा. चार ओळी म्हणजे काही शे बाइट. टर्मिनलला त्याचं ओझं नाही.

कर्सरसाठी एकच नियम करा आणि तो मोडू नका: चित्र (म्हणजे या सगळ्या ओळी मिळून) काढून झाल्यावर कर्सर नेहमी शेवटच्या ओळीच्या खालच्या ओळीवर, डाव्या टोकाला. म्हणजे शेवटच्या ओळीनंतरही नवी ओळ पाठवायचीच. मग वर जाताना जितक्या ओळी लिहिल्या तितक्याच चढायच्या, उणे एक नाही.

```
चित्र काढ (ओळी):
    बाहेर = रिकामा मजकूर
    जर जुनी_उंची शून्यापेक्षा मोठी:
        बाहेर मध्ये जोड: एस्केप [ जुनी_उंची ए
    बाहेर मध्ये जोड: सीआर
    प्रत्येक ओळीसाठी:
        बाहेर मध्ये जोड: कापलेली ओळ, एस्केप [ के, नवी ओळ
    बाहेर मध्ये जोड: एस्केप [ जे
    बाहेर एकदाच लिही, फ्लश कर
    जुनी_उंची = ओळींची संख्या
```

यातला ‘जर’ शोभेचा नाही. पहिल्या वेळी जुनी उंची शून्य असते, आणि ‘एस्केप [ ० ए’ म्हणजे "जागचा हलू नको" असा अर्थ होत नाही. शून्य दिलं की टर्मिनल ते मूळ किमतीसारखं, म्हणजे एक, धरतो आणि तुमच्या आधीची ओळ, बहुधा तुम्ही टाइप केलेली आज्ञाच, खाऊन टाकतो.

शेवटचा ‘जे’ ओळी कमी झाल्या तर उपयोगी पडतो. जयगड संपलं आणि त्याची ओळ काढून टाकली, तर चाराच्या तीन होतात. खाली उरलेली जुनी चौथी ओळ हा संकेत पुसतो.

जागा लक्षात ठेवणारा संकेत का वापरायचा नाही

टर्मिनलला कर्सरची जागा जतन करण्याचा संकेत आहे (एस्केप ७) आणि तिथे परत जाण्याचाही (एस्केप ८). दिसायला हा मार्ग सोपा: सुरुवातीला जागा जतन करा, दर वेळी परत या, लिहा. खिडकी नुकतीच साफ केलेली असते तेव्हा चालतोही. म्हणूनच तो धोक्याचा, कारण तपासताना चालतो आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर फसतो.

२४ ओळींची खिडकी धरा, आणि कर्सर २२ व्या ओळीवर असताना जागा जतन केली. पहिली ओळ २२ वर, दुसरी २३ वर, तिसरी २४ वर. आता नवी ओळ पाठवली की खाली जागा नाही, म्हणून सगळा पडदा एक ओळ वर सरकतो. चौथीनंतर पुन्हा एकदा सरकतो. चार ओळी आता २० ते २३ वर आहेत. जतन केलेली जागा मात्र २२ च, आणि तिथे सध्या तुमची तिसरी ओळ आहे. पुढचं चित्र तिथून सुरू होतं, पहिल्या दोन ओळी वर तशाच राहतात, आणि दर वेळी दोन-दोन जुन्या ओळी वर ढकलल्या जातात. जतन केलेली जागा काठावरच्या खुंटीसारखी असते, मजकूर मात्र भरतीच्या पाण्यावरच्या होडीसारखा वर गेलेला असतो.

‘चार ओळी वर’ हा संकेत सापेक्ष आहे. पडदा सरकला तरी कर्सर मजकुराबरोबरच असतो: वरच्या उदाहरणात तो २४ वर आहे, चार चढला की २० वर, बरोबर पहिल्या ओळीवर. म्हणून सापेक्ष चढणंच वापरा.

उंचीची मर्यादा

वर चढणारा कर्सर पडद्याच्या पहिल्या ओळीला अडतो. त्याहून वर सरकून गेलेल्या मजकुराला हात लावता येत नाही. २४ ओळींच्या खिडकीत ३० बागांच्या ३० ओळी दाखवायला गेलात तर कर्सर पहिल्या ओळीवर थांबेल, तिथून ३० ओळी लिहिल्या जातील आणि दर चित्रागणिक ७ ओळी वर गळतील. आपण शेवटी एक रिकामी ओळ ठेवतो, म्हणून जास्तीत जास्त उंची म्हणजे खिडकीच्या ओळी उणे एक.

यावर ओळी आखूड करणं हा उपाय नाही, कमी दाखवणं हा आहे. चालू असलेल्या बागा दाखवा, संपलेल्यांची एक बेरीज करा आणि रांगेतल्यांसाठी ‘आणखी १९ बाकी’ अशी एक ओळ द्या. माझ्या मते खिडकी कितीही मोठी असली तरी आठ-दहा ओळींच्या वर कोणी वाचत नाही.

रुंदी: इथे खरी मेख आहे

तुम्ही चार ओळी लिहिल्या, पण एक ओळ खिडकीपेक्षा लांब होती. टर्मिनलने ती मोडून दोन ओळींवर बसवली. पडद्यावर पाच ओळी झाल्या, तुमच्या हिशोबात चारच. पुढच्या वेळी तुम्ही चारच चढणार आणि सगळ्यात वरची ओळ भूत होऊन तिथेच राहणार. टर्मिनलच्या प्रगतीत जे घोटाळे होतात त्यातले बहुतेक असे.

म्हणून प्रत्येक ओळ लिहिण्याआधी कापायची, खिडकीच्या रुंदीपेक्षा किमान एकाने आखूड. पूर्ण रुंदी वापरू नका. शेवटच्या स्तंभात अक्षर पडलं की टर्मिनल एका विचित्र अवस्थेत थांबतो: कर्सर अजून त्याच ओळीवर, पण पुढच्या अक्षराला मोड घ्यायला तयार. त्या अवस्थेत ‘एस्केप [ के’ दिला तर कित्येक टर्मिनलांत शेवटचं अक्षरच पुसलं जातं.

रुंदी पायथनमध्ये ओएस मॉड्यूलमधल्या गेट टर्मिनल साइझने कळते. प्रगती ज्या प्रवाहावर लिहिताय त्याचाच डिस्क्रिप्टर (प्रवाहाचा क्रमांक) त्याला द्या. शूटिल मॉड्यूलमधलं त्याच नावाचं फंक्शन सोयीचं आहे, पण ते आधी कॉलम्स नावाचा पर्यावरण-चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) पाहतं, मग मूळ स्टँडर्ड आउटपुटकडे वळतं, आणि काहीच हाती लागलं नाही तर गुपचूप ८० बाय २४ सांगतं.

रंगाचे संकेत जागा घेत नाहीत, पण लांबी मोजताना मोजले जातात. म्हणून आधी साधा मजकूर कापा, मग रंग चढवा. उलट केलंत तर एखाद्या दिवशी संकेताच्या मधोमध कात्री चालते आणि उरलेला पडदा लाल होतो.

आणखी भक्कम करायचं असेल तर चित्र काढण्याआधी ‘एस्केप [ ?७ एल’ (छोटा एल) पाठवून ओळ मोडणं बंद करा आणि नंतर छोट्या एचने पुन्हा चालू करा. जास्तीचा मजकूर मग उजव्या कडेलाच एकावर एक पडत राहतो, खाली येत नाही. मी कापणं आणि हे, दोन्ही करतो. देवनागरी असेल तर करायलाच हवं.

गावांची नावं देवनागरीत असतील तर

गणपतीपुळे हा शब्द घ्या. यूटीएफ-८ मध्ये तो २७ बाइटचा आहे. युनिकोडच्या हिशोबाने ९ चिन्हं: ग, ण, प, त, दीर्घ वेलांटी, प, उकार, ळ, मात्रा. पायथनचं लेन हेच ९ सांगतं. आपण वाचतो ती अक्षरं सहा. आणि टर्मिनलमध्ये तो किती चौकटी (एका इंग्रजी अक्षराएवढ्या जागा) व्यापेल? अक्षरांच्या रुंदीच्या जुन्या कोष्टकांप्रमाणे सात, कारण त्यांत उकार आणि वरची मात्रा शून्य रुंदीची धरली जाते, पण वेलांटी किंवा काना यांना एक चौकट दिली जाते. नवी कोष्टकं त्यांनाही शून्य धरतात, म्हणजे सहा. जोडाक्षर आलं की मतभेद आणखी वाढतात. रत्नागिरीतला त्ना एका चौकटीत की दोन, यावर दोन टर्मिनलांचं एकमत होईलच असं नाही.

थोडक्यात, देवनागरी शब्दाची टर्मिनलमधली नेमकी रुंदी सगळीकडे लागू पडेल अशी काढता येत नाही. मग ती न काढताच काम भागेल अशी ओळ रचायची.

सगळ्यात सोपा उपाय वरच्या नमुन्यात दिसतोच: नाव ओळीच्या शेवटी. आकडे आधी, ते ठरलेल्या रुंदीचे, आणि नाव सर्वांत शेवटी, जिथे ते किती पसरलं याने कोणाचं काही बिघडत नाही. नाव आधी हवंच असेल तर मोकळ्या जागा भरून स्तंभ जुळवायचा प्रयत्न सोडून द्या. नाव लिहा आणि मग ‘एस्केप [ ३० जी’ पाठवून आकडे थेट तिसाव्या स्तंभावर सुरू करा. टर्मिनलने नावाची रुंदी काहीही धरली असली तरी आकडे एका रेषेत येतात. नमुन्यातल्या ‘एमबी/से’, ‘झालं’ आणि ‘थांबलंय’ नंतरही हाच जी वापरायचा, तेही देवनागरीच.

कापताना मात्र लेनचे ९ उपयोगी आहेत. देवनागरीतलं एकही चिन्ह एका चौकटीपेक्षा जास्त मोजलं जात नाही, त्यामुळे चिन्हांची संख्या ही खऱ्या रुंदीची वरची मर्यादा ठरते. तिच्यावर कापलं तर ओळ कधीकधी उगाच आखूड होईल, पण मोडणार नाही. इमोजीला हा नियम लागू नाही. हिरवी बरोबरची खूण लेनच्या हिशोबात एक, पडद्यावर दोन चौकटी. मी प्रगतीच्या ओळीत इमोजी ठेवतच नाही, ‘झालं’ हा शब्द पुरतो.

आणि कापायचं ते अक्षराच्या सीमेवर. पुळेमधला प आणि उकार वेगळे झाले की पुढे लिहिलेल्या ओळीत तो उकार रिकाम्या ठिपक्यांच्या वर्तुळाखाली लटकतो. पायथनच्या रेजेक्स या वेगळ्या मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश कॅपिटल एक्स हा नमुना पूर्ण अक्षरसमूह पकडतो. मूळच्या आरई मॉड्यूलमध्ये तो नाही.

एकच चित्रकार

चार बागा म्हणजे चार थ्रेड, एकाच प्रोग्राममध्ये एकदम चालणारी चार कामं. प्रत्येक थ्रेडने स्वतःची ओळ लिहायची, अशी रचना करू नका. दोघांचे संकेत एकमेकांत मिसळले की पडद्याचं काय होईल याला धरबंध नाही. थ्रेडने फक्त सामायिक नोंदीत आकडा बदलायचा: पावस, इतके बाइट गेले. पडद्याला हात लावणारा एकच, तो ठरावीक वेळाने नोंद वाचतो आणि चित्र काढतो. नोंदीला एका वेळी एकालाच हात लावू देणारा एक लॉक पुरतो.

सेकंदाला पाच ते दहा चित्रं पुरे. फाइलचा प्रत्येक तुकडा गेला की चित्र काढायचं ठरवलंत तर जलद जाळ्यावर प्रोग्राम फोटो चढवण्यापेक्षा रंगकामातच जास्त वेळ घालवेल.

पूर्ण चित्र एका मजकुरात जोडून एकाच लेखनात पाठवा. तुकड्यातुकड्याने पाठवलं तर टर्मिनल अर्धवट चित्रही दाखवतो. त्याउपर ‘एस्केप [ ?२०२६ एच’ (छोटा एच) चित्राआधी आणि त्याचाच छोट्या एलचा जोडीदार नंतर पाठवता येतो. किटी, वेझटर्म यांसारखे टर्मिनल मग पूर्ण चित्र एकदमच दाखवतात. ज्यांना हा संकेत कळत नाही ते तो सोडून देतात.

वेग आणि उरलेला वेळ काढताना सुरुवातीपासूनची सरासरी घेऊ नका, गेल्या दहा-पंधरा सेकंदांची घ्या. आमच्याकडे पावसाळी हवेत जाळं सेकंदात दीड एमबीवरून शून्यावर येतं. सुरुवातीची सरासरी अशा वेळी "आठ मिनिटं राहिली" असं अर्धा तास सांगत बसते. पंधरा सेकंद एकही बाइट गेला नाही तर आकडा काढून सरळ ‘थांबलंय’ लिहा. काकांनाही तेच हवं असतं. वेळ मोजायला मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारं) घड्याळ वापरा. लॅपटॉपचं घड्याळ रेंज आल्यावर स्वतःला दुरुस्त करून घेतं, आणि त्या क्षणी साध्या घड्याळावरचा वेग उणेही येऊ शकतो.

चित्राच्या वर संदेश

"आडिवरे: फोटो १४१ खराब आहे, वगळला." असा संदेश मधेच द्यायचा असतो. सरळ प्रिंट केलात तर तो चित्राच्या खाली पडेल, कर्सर एक ओळ खाली जाईल, आणि पुढचं चित्र एक ओळ खालून सुरू होऊन जुन्या चित्राची पहिली ओळ वर सोडून देईल. क्रम असा ठेवा: जुनी उंची चढा, ‘एस्केप [ जे’ ने चित्र पुसा, संदेश आणि नवी ओळ लिहा, जुनी उंची शून्य करा, मग चित्र पुन्हा काढा. संदेश कितीही ओळींचा असो, तो वर कायम राहतो आणि चित्र त्याच्या खाली येतं. हेही काम त्याच एका चित्रकाराकडून, एकाच लेखनात.

प्रोग्राममधलं बाकी सगळं बोलणं याच दारातून गेलं पाहिजे: लॉगिंग, लायब्ररीच्या सूचना, तुम्ही चालवलेल्या दुसऱ्या प्रोग्रामचं आउटपुट. दुसरा प्रोग्राम थेट टर्मिनलवर लिहू लागला तर तुमच्या हिशोबाला अर्थ राहत नाही, त्याचं आउटपुट पाइपमध्ये घ्या.

आणि कीबोर्ड. कंटाळलेल्या माणसाचा हात एंटरवर जातोच. टर्मिनल त्या एंटरचा प्रतिध्वनी म्हणून स्वतःच नवी ओळ देतो आणि कर्सर एक ओळ खाली. काम चालू असेपर्यंत टर्मिऑस या मॉड्यूलने एको (दाबलेली कळ पडद्यावर उमटणं) बंद ठेवता येतो, पण मग शेवटी तो परत चालू करण्याची जबाबदारीही तुमची.

खिडकीचा आकार बदलला तर

युनिक्स घराण्यात खिडकी बदलली की सिगविंच नावाचा सिग्नल येतो. तो न पकडताही, दर चित्राआधी रुंदी विचारली तरी चालतं, ते स्वस्त आहे. खिडकी रुंद झाली तर काही बिघडत नाही. अरुंद झाली तर अनेक टर्मिनल आधी लिहिलेल्या लांब ओळी स्वतःहून मोडतात आणि उंची वाढते. काही तसं करत नाहीत. जुन्या ओळींची लांबी ठेवून नव्या रुंदीने भागून उंची पुन्हा काढता येते, पण टर्मिनलागणिक ती खरी ठरेलच असं नाही. मी ओळी मुळातच साठ स्तंभांच्या आत ठेवतो आणि त्याहूनही अरुंद केलं तर एखादं भूत सोसतो.

टर्मिनल नसेलच तर

रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीतून) चालवलं, आउटपुट फाइलमध्ये वळवलं. सकाळी फाइल उघडली तर हजारो संकेतांचा चिखल. म्हणून चित्र काढायचं की नाही हे सुरुवातीलाच आयसॅटीने (प्रवाह टर्मिनलला जोडलाय का ते सांगणाऱ्या फंक्शनने) ठरवा. प्रगती स्टँडर्ड एररवर, म्हणजे सूचनांसाठीच्या वेगळ्या प्रवाहावर, लिहीत असाल (लिहावी, म्हणजे खरं आउटपुट पाइपमधून स्वच्छ जातं) तर प्रश्न त्याच प्रवाहाला विचारा. टर्म या पर्यावरण-चलात डंब (संकेत न समजणारा टर्मिनल) असेल तरीही चित्र नको. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट असंच वागतं: स्टँडर्ड एरर टर्मिनलला जोडलेला असेल तरच प्रगती दाखवतं. फाइली उतरवणारं डब्ल्यूगेट टर्मिनल नसेल तर पट्टीऐवजी ठिपक्यांवर येतं.

टर्मिनल नसताना गप्प बसू नका. दर मिनिटाला किंवा दर दहा टक्क्यांना एक साधी, वेळेसकट ओळ लिहा. लाईट गेल्यावर काम कुठवर आलं होतं हे त्या फाइलवरूनच कळतं.

विंडोजवर विंडोज १० पासूनचा कन्सोल हे संकेत समजतो, पण जुन्या कन्सोल खिडकीत प्रोग्रामला ‘व्हर्च्युअल टर्मिनल प्रोसेसिंग’ स्वतः चालू करावं लागू शकतं.

बाहेर पडताना

कर्सर लपवला असेल तर तो दाखवणं, ओळ मोडणं चालू करणं, एको परत देणं, या तिन्ही गोष्टी फायनली विभागात टाका. कंट्रोल-सी आला, एरर आली, तरी तो विभाग चालतो. टर्मिनेट सिग्नलला पायथन तो आपोआप चालवत नाही, त्यासाठी वेगळा हँडलर लावा. किल-९ (प्रोग्राम जबरदस्तीने मारणारी आज्ञा) पुढे इलाज नाही. तसं झालंच तर ‘टीपुट सीनॉर्म’ ने कर्सर परत येतो, आणि काहीच जुळेना तर ‘रिसेट’ टाइप करा, अक्षरं दिसत नसली तरी.

शेवटचं चित्र पुसू नका, कितीचं काय झालं ते पडद्यावर राहू द्या. आपला नियम पाळला असेल तर कर्सर आधीच खालच्या रिकाम्या ओळीवर असतो आणि प्रॉम्प्ट नीट येतो.

दूरच्या मशीनवर

प्रोग्राम एसएसएचने (दूरच्या मशीनवर टर्मिनल उघडणाऱ्या आज्ञेने) दूरच्या सर्व्हरवर चालवत असाल तर तो टीमक्सच्या (सर्व्हरवरच चालू राहणाऱ्या टर्मिनलच्या) आत चालवा. रेंज गेली, जोडणी तुटली, तरी काम चालू राहतं, आणि परत जोडल्यावर टीमक्स पडदा पुन्हा रंगवून देतो. एसएसएचऐवजी वापरायचं मॉश त्याहून एक पाऊल पुढे जातं: ते पडद्याची सध्याची स्थिती पाठवतं, त्यामुळे मंद जाळ्यावर मधली चित्रं गाळली जातात. मात्र वर सरकून गेलेला मजकूर मॉशमध्ये मागे जाऊन पाहता येत नाही. चित्राच्या वरचे ते संदेश फाइलमध्येही लिहा.

तयार लायब्ररी

पायथनमध्ये रिच आणि टीक्यूडीएम, रस्टमध्ये इंडिकॅटिफचं मल्टिप्रोग्रेस, गोमध्ये एमपीबी. मोठ्या प्रोग्रामसाठी हीच घ्या. टीक्यूडीएममध्ये प्रत्येक पट्टीला पोझिशन द्यायची आणि संदेशांसाठी प्रिंटऐवजी तिचं राइट वापरायचं. रिचमध्ये प्रोग्रेसच्या स्वतःच्या कन्सोलवरच प्रिंट करायचं. देवनागरी नावांचा घोळ मात्र लायब्ररी आपोआप सोडवेल अशी आशा ठेवू नका, नाव उजवीकडे ठेवण्याचा उपाय तिथेही तोच. कर्सेस ही लायब्ररी हवी ती फक्त पूर्ण पडदा ताब्यात घेऊन कळांवर चालणारा प्रोग्राम करायचा असेल तर. चार ओळींसाठी ती जड आहे, आणि बाहेर पडताच सहसा सगळं चित्र नाहीसं होतं.

तपासताना

खिडकी आठ ओळींची करा आणि प्रोग्राम सर्वांत खालच्या ओळीवरून सुरू करा, साफ पडद्यावरून नको. रुंदी चाळीस स्तंभांवर आणा. मधे एंटर दाबा, कंट्रोल-सी दाबा, कर्सर परत आला का पाहा. आउटपुट, स्टँडर्ड एररसकट, कॅट या आज्ञेच्या व्ही पर्यायातून पास करा: टर्मिनल नसताना एकही संकेत दिसता कामा नये. तो दिसला तर टोपीच्या चिन्हापुढे चौकोनी कंस अशा रूपात दिसतो. उलट संकेतच तपासायचे असतील तर स्क्रिप्ट या आज्ञेखाली चालवून तयार झालेली फाइल त्याच कॅटने वाचा आणि दर चित्रातले चढलेले आणि लिहिलेले आकडे जुळतात का ते पाहा. मग यादीत गणपतीपुळे, मिऱ्या आणि एखादं मुद्दाम लांबवलेलं नाव घालून हेच सगळं दोन वेगळ्या टर्मिनलांवर पुन्हा करा.